चौकशीची खिडकी

माझे सासरे रूपराव ताकसांडे यांनी एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलरची नोकरी केली, आणि या एकतीस वर्षांत त्यांनी एकाही प्रवाशाला सरळ उत्तर दिलं नाही. स्टँड आपल्याच वर्धा जिल्ह्यातलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून चिडलेली आहेत.

लहान स्टँडवर कंट्रोलर म्हणजे सगळं काही. गाड्यांच्या वेळा लिहिणारा तोच, लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारणारा तोच, आणि चौकशीच्या खिडकीत बसणाराही तोच. पुकारणं मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जिवाभावाचं काम. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले की चहाच्या टपरीवरचा माणूस कपात फुंकर मारायचा थांबायचा म्हणे. आवाजच तसा. खिडकीचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता.

"साहेब, हिंगणघाट गाडी कधी येईन?"

"बोर्डावर वाचा."

"बोर्डावरची वेळ तं होऊन गेली ना."

"मंग येईन तवा येईन."

तिसऱ्या प्रश्नाला खिडकीची झडप खाली.

माझा नवरा प्रफुल्ल सहा वर्षांचा असताना रोज संध्याकाळी डबा घेऊन स्टँडवर जायचा. एकदा त्यानं त्याच खिडकीतून विचारलं, "बाबा, घरी कधी येता?" मामाजींनी मान वर न करता उत्तर दिलं, "बोर्डावर वाच." हा किस्सा प्रफुल्ल फार रंगवून सांगतो आणि स्वतःच हसतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं नव्हतं, कारण आमचं लग्न ठरून आठवडाच झाला होता आणि हा माणूस माझा सासरा होणार होता.

रिटायर झाल्यावर ते आमच्याकडे पिपरी मेघेला राहायला आले. सासूबाई कमलाबाई त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. त्या घरात बोलण्याचं खातं पूर्ण त्यांच्याकडे होतं, आणि त्या गेल्यावर ते कुणी सांभाळायला घेतलं नाही. मामाजी सकाळी शेजाऱ्यांना भिंतीवरून "जयभीम" म्हणायचे, पेपर पहिल्या पानापासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायचे, आणि मग दिवसभर गप्प.

आमची आचल सात महिन्यांची झाली तेव्हा मला ड्युटीवर परत जावं लागलं. मी सावंगीला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. प्रफुल्ल हिंगणघाटला सूतगिरणीत, पहाटे निघतो. पाळणाघर करून पाहिलं, महिन्यात दोनदा ताप आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मामाजी पेपराआडून म्हणाले, "मी पाहीन." आमच्या घरात याला भाषण म्हणतात.

आणि त्यांनी पाहिलंही उत्तम. खिचडी अकरा चाळीसला म्हणजे अकरा चाळीसला. दूध, झोप, अंघोळ, सगळं वेळेवर. मी घरी यायची तर पोरगी गुबगुबीत, स्वच्छ, पावडर लावलेली, आणि गप्प. ही इकडे गादीवर, ते तिकडे खुर्चीत, आणि मध्ये पंख्याचा आवाज. मला आधी वाटलं, किती गुणी बाळ आहे.

पंधरावा महिना लागला तरी आचल आई म्हणेना, बाबा म्हणेना. बोट दाखवेना. हाक मारली की वळून बघायची, हसायची, पण पुढे काही नाही. कोणत्या महिन्यात काय यायला हवं याचा तक्ता मला तोंडपाठ आहे, आणि खरा त्रास त्याचाच होता. दवाखान्यात मी दुसऱ्यांच्या आयांना रोज सांगते, घाबरू नका, प्रत्येक मूल वेगळं असतं. माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी हे वाक्य मला अजिबात लागू पडलं नाही. मी भलतीच घाबरले होते.

कानांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाल्या, "कान अगदी छान आहेत. तीन महिने थांबू या. घरी दिवसभर तिच्याशी बोलतं कोण?"

या प्रश्नावर मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

घरी आल्या आल्या हुकूम सोडला. "मामाजी, आजपासून तिच्याशी दिवसभर बोलायचं."

"काय बोलू? तिले काय समजते?"

"काहीही बोला. तुम्ही जे करता ते सांगत जा."

त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून आले, फाटकाची कडी काढली, आणि आतून खणखणीत आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आचल प्रफुल्ल ताकसांडे यांची मुगाची खिचडी स्वयंपाकघरातून निघाली असून थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी तोंड उघडे ठेवावे."

मी फाटकाला धरून हसले. खरं सांगते, पोट दुखेपर्यंत हसले.

त्यानंतर आमच्या गल्लीत कुणाला घड्याळाची गरज उरली नाही. तांत्रिक कारणामुळे आचलच्या अंघोळीला दहा मिनिटं उशीर होणार असेल तर सगळ्यांना कळायचं. झोपेची गाडी वेळेवर सुटायची, दुधाची गाडी कधी कधी जादा सोडली जायची. समोरच्या कॉलेजच्या पोरी खिडकीत येऊन ऐकायच्या. मामाजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. आचल तोंडाचा आ करून त्यांच्याकडे बघत बसायची.

पण दीड महिना झाला, तरी ती फक्त बघतच होती. पूर्वी अधूनमधून "अं, अं" तरी करायची, तेही कमी झालं. ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मला रोज रात्री तेच ऐकू यायचं, म्हणजे ऐकू यायचं नाही.

माझं माहेर आर्वीचं. तिथे आई आहे, वहिनी आहे, वहिनीची तीन पोरं आहेत आणि त्या घरात कुणी कुणाला बोलू देत नाही इतका गलका असतो. आई फोनवर म्हणाली, "आणून दे तिले इकडं. पोरांत राह्यली का बोलते आपोआप." मी आठवडाभर डोकं खाल्लं स्वतःचं, आणि ठरवलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला चार दिवस सुट्टी मिळत होती. तेव्हा नेऊन ठेवायचं, दर रविवारी आम्ही दोघं जाऊन भेटायचं.

जेवताना मामाजींना सांगितलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. तुमच्यामुळे, हे शब्द मी उच्चारले नाहीत, पण त्यांना ते ऐकू आले असणार. त्यांनी आपलं ताट उचललं, घासलं, पालथं घातलं, आणि सकाळीच वाचून संपवलेला पेपर पुन्हा उघडून बसले.

त्यानंतरही ते पुकारत राहिले, पण आवाजात जान नव्हती.

ऑक्टोबर लागला तसं शेजारच्या घरी लेकीकडे मनकर्णाबाई आल्या. वय सत्तरच्या पुढे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. रविवार होता, मी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. आत मामाजींनी दूध पुकारलं आणि भिंतीवरून काळा चष्मा वर आला.

"अवं बाप्पा! हा तं आमच्या स्टँडवरचा आवाज होय!"

दोन मिनिटांत त्या आमच्या बैठकीत होत्या, आणि मागोमाग शेंगांचं टोपलं घेऊन मी. पाणीही घेतलं नाही. सरळ मामाजींसमोर उभ्या राहिल्या.

"वळखलं का मले? कसे वळखान म्हना. तुम्ही मान वर करून पाह्यलं कधी? भावाच्या पोराचं लगन होतं हिंगणघाटले. मी तीन घंटे बसली तुमच्या स्टँडवर. तीन खेपा इचारलं गाडी कधी येते. तिन्ही खेपा म्हनलं, बोर्डावर वाचा. मले वाचता येते का? वाचता येत असतं तं तुमच्या खिडकीले कायले आली असती?"

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते गाडी रद्द झाली होती, बाई. मी पुकारलं होतं."

"कवा पुकारलं?"

"नवाले."

"अन् मी सव्वानवाले आली ना!"

मला हसू आवरेना, म्हणून मी शेंगांच्या टोपल्यात तोंड घातलं. बहुतेक एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी प्रवासी खिडकीच्या आत आला होता आणि झडप पाडायची सोय नव्हती.

मनकर्णाबाई मग गादीवर टेकल्या आणि आचलकडे बघत राहिल्या. आचल वर पंख्याकडे बघत होती. मग तिनं मामाजींकडे पाहिलं. मग परत पंख्याकडे.

"दूध थोड्याच वेळात..." मामाजींनी सुरू केलं.

"चूप बसा ना जराशेक!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "थे पोट्टी इचारून राह्यली तुमाले."

"काय इचारते? तिले तं बोलताच येत नाई."

"मले कोठी वाचता येत होतं? पंख्याकडं पाह्यते, मंग तुमच्याकडं पाह्यते. इचारनं म्हंजे अजून काय रायते? अन् तुम्ही आपलं दूधच पुकारून राह्यले."

मग त्या आचलकडे वळल्या आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "पंखा. गरगर फिरते पंखा." मनगटातून हात एकदा फिरवून दाखवला, आणि गप्प बसल्या. नुसत्या गप्प. इतका वेळ की मलाच अवघडल्यासारखं झालं, काहीतरी बोलावंसं वाटलं. आचलनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. आणि आपला गुबगुबीत हात वर करून मनगट अर्धवट फिरवलं.

माझ्या मांडीवरचं टोपलं खाली पडलं.

आता हे सगळं मला माहीत होतं, हे लिहायला लाज वाटते. बाळ जिकडे बघतं तिकडे आपण बघावं, त्यानं जे विचारलंय त्याचं उत्तर द्यावं, आणि मग त्याची पाळी येऊ द्यावी. त्या देवाणघेवाणीतूनच बाळाचं डोकं चालायला लागतं. मी हे वॉर्डातल्या आयांना चित्रं दाखवून शिकवते. घरी मात्र मामाजींना "बोला" एवढंच सांगितलं, आणि "थांबा" सांगायची विसरले. पुकारणारा माणूस कधी उत्तरासाठी थांबत नाही. त्याचं काम पुकारलं की संपतं, कुणी ऐकायला असो नसो.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची ड्युटी होती, त्यामुळे सकाळचा सगळा तमाशा मी डोळ्यांनी पाहिला. मामाजींनी खुर्ची भिंतीला लावून ठेवली, खाली चटई टाकली आणि आचलच्या समोर मांडी घालून बसले. पेपर नाही. पुकारणं नाही. खिडकी उघडली होती आणि ते प्रवाशाची वाट बघत होते.

प्रवासी आला. आचलनं हातातला चमचा खाली टाकला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"पडला," मामाजी म्हणाले. उचलून दिला. थांबले.

तिनं परत टाकला.

"पडला."

हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण माझा स्वयंपाक पूर्ण झाला. माझ्या सासऱ्यांची ख्याती मला माहीत होती, म्हणून तिसऱ्या चमच्यापासून मी धास्तावून बघत होते. झडप पडली नाही. मध्येच तिनं चमचा टाकला आणि मामाजींनी मुद्दाम उचलला नाही, तेव्हा ती चमच्याकडे, त्यांच्या हाताकडे, परत चमच्याकडे बघून "अं?" म्हणाली. तो जुना "अं" परत आला होता. टोकाला प्रश्नचिन्ह लागून.

मग वाटीचा खेळ आला. कपाटाची किल्ली चटईवर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. "किल्ली गेली." थांबायचं. पहिले काही दिवस आचलच्या लेखी गेली ती गेलीच. ती रडवेली व्हायची. मामाजी वाटीची कड जराशी उचलायचे, किल्लीचं टोक दाखवायचे, परत झाकायचे, थांबायचे. एका दुपारी तिनं स्वतः वाटी भिरकावून दिली. "आली!" मामाजी ओरडले, आणि ते मात्र त्यांच्या लाउडस्पीकरच्या आवाजात. त्यानंतर घरातली एकही वाटी जागेवर सापडली नाही. दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असते, हे तिला कळलं होतं, आणि ती आता सगळीकडे शोधत होती.

तिसऱ्या आठवड्यात बोट आलं. आचलचं ते एवढंसं बोट आणि मागे "अं?". सकाळी उठल्यापासून चौकशी सुरू. "पाल," मामाजी सांगायचे. "जाळं." "तुह्या मायची टिकली, आरशाले चिकटवली." कॅलेंडरवर तर तिनं एका संध्याकाळी अकरा वेळा बोट ठेवलं. अकराही वेळा उत्तर मिळालं, आणि अकरावं उत्तर पहिल्याइतकंच सभ्य होतं. प्रफुल्ल दारात बॅग खांद्याला तशीच ठेवून बघत होता.

त्या संध्याकाळी जेवताना तो हसत हसत म्हणाला, "बाबा, मी इचारो तवा तं तुम्ही म्हनत होते, बोर्डावर वाच."

मामाजींचा घास हातातच राहिला. "मले माहीत नसे रे," ते म्हणाले. "शेवटची गाडी आल्याबिगर निघता येत नोव्हतं. अन् ते गाडी कवा येईन ते मले बी माहीत नसे. चौकशीच्या खिडकीत बसून 'माहीत नाई' कसं म्हनाव मानसानं?"

प्रफुल्ल हसायचा थांबला. मग त्यानं न विचारता त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढली, आणि मामाजींनी ती खाल्ली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर आर्वीचा बेत रद्द झाला असेल. नाही झाला. मी हट्टी आहे. बोट आलं होतं, शब्द एकही आला नव्हता. सुट्टी मंजूर झाली होती, आईनं तिकडे झोळी बांधून ठेवली होती, आणि मनात एकदा बसलेली भीती एका बोटानं उठत नाही. मी बॅग भरली. मामाजींनी त्यात वाटी आणि किल्ली ठेवली.

"आईले सांगजो," ते म्हणाले, "वाटी झाकल्यावर थांबा लागते. आपन लगेच नाई उचलायची."

वर्ध्याच्या स्टँडवर ते आम्हाला सोडायला आले. एका हातात बॅग, कडेवर आचल. वाटेत ती विचारत होती आणि ते सांगत होते. कापसाचा ट्रक. बकरी. पोलीस. पुलगावमार्गे आर्वीची गाडी लागलेलीच होती. मी खिडकीची जागा धरली, त्यांनी आचलला खिडकीतून माझ्याकडे दिलं, आणि खाली फलाटावर उभे राहिले. राहू दे ना तिला, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

आचलनं त्यांच्यावर बोट ठेवलं. "अं?"

मामाजींनी तोंड उघडलं. उत्तर द्यायची त्यांना आता सवय लागली होती. पण तोंड तसंच राहिलं, आणि मग ते म्हणाले, "मले माहीत नाई, बाई. तुह्या मायले इचार."

आचलनं मान वळवली. बोट बाहेर त्यांच्यावर आणि डोळे माझ्यावर. "अं?"

आणि ती थांबली. माझ्या पोरीला थांबता येत होतं. इतकं नीट की मोठ्या माणसांना जमत नाही. ते कुणी शिकवलं हे मला दिसत होतं. ती काय विचारत होती ते मी शपथेवर सांगू शकत नाही. हे कोण, हे येणार का, हे खाली का. माझ्याजवळ द्यायला पुष्कळ काही होतं. टाटा कर, आजोबांना पापी दे, ते बघ माकड. यातलं एकही उत्तर नव्हतं. सगळं बोर्डावर वाच याच जातीचं होतं.

कंडक्टरनं घंटी वाजवली.

"थांबा!" मी ओरडले. "उतरायचं आहे!"

"ताई, घरून ठरवून येत जा ना," कंडक्टर म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. मी आचलला कडेवर घेतलं, बॅग लोकांच्या पायांवरून ओढत काढली आणि खाली उतरले. मामाजींनी बॅग माझ्या हातातून घेतली.

उद्या कुणी म्हणेल, ती कुठेही बोललीच असती, आर्वीलाही बोलली असती. बोलली असेलही. मी फक्त झालं ते सांगते.

गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली. आचलचं बोट तिच्या मागे मागे फिरत गेलं आणि रिकाम्या फाटकावर थांबलं. "अं?"

"गेली," मी म्हणाले. त्याच वेळी मामाजीही म्हणाले, "गेली."

आजूबाजूला गाड्या येत होत्या, पुकारणं चालू होतं, एक माणूस आमच्यातून वाट काढत गेला. आम्ही थांबलो.

"गेई," आचल म्हणाली.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. ऐकलं का, असं ते डोळ्यांनी विचारत होते, आणि मी नुसती मान डोलावली, कारण स्टँडच्या मधोमध उभी राहून मी रडत होते.

"हाव," मामाजी तिला म्हणाले. "गेली गाडी." आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभे राहिले.